टेस्टोस्टेरॉन कमी आलं, आता उत्तेजन चाचणी करायची का?

'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजात हल्ली टेस्टोस्टेरॉनही घातलेलं असतं. चाळिशीतला माणूस साखर आणि कोलेस्टेरॉल बघायला म्हणून रक्त देतो आणि रिपोर्टात भलत्याच ओळीपुढे खाली वळलेला बाण निघतो. मग कुणाला काही न सांगता मोबाइलवर शोधाशोध सुरू होते. त्यात कुठेतरी 'एचसीजी टेस्ट', 'जीएनआरएच टेस्ट' अशी नावं दिसतात. इंजेक्शन किंवा गोळी द्यायची, शरीर त्याला काय उत्तर देतं ते पुन्हा रक्त घेऊन मोजायचं, असा या चाचण्यांचा प्रकार. यांनाच उत्तेजन चाचण्या किंवा स्टिम्युलेशन टेस्ट म्हणतात.

हा लेख त्या माणसासाठी आहे, आणि ज्यांच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी अशी चाचणी लिहून दिली आहे त्या आईवडिलांसाठीही. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रौढ पुरुषाला बहुतेक वेळा या इंजेक्शनांची गरजच पडत नाही. योग्य वेळी घेतलेलं साधं रक्त आणि नीट केलेली शारीरिक तपासणी एवढ्यावर निदान उलगडतं. उत्तेजन चाचणीचे खरे प्रसंग मोजके आहेत. त्या प्रसंगीसुद्धा डॉक्टरांच्या मनात प्रश्न नेमका असेल तरच उत्तर कामाचं येतं.

रक्तातला आकडा कुठून येतो

टेस्टोस्टेरॉन तयार होतं वृषणांमधल्या लायडिग पेशींत, पण हुकूम सुटतो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून. तिथून साधारण दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच या संप्रेरकाचा एक झोत सुटतो. तो लगेच खालच्या पीयूषिका ग्रंथीत, म्हणजे पिट्यूटरीत पोचतो आणि ती एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरकं रक्तात सोडते. एलएच लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं. एफएसएचचं काम शुक्राणूंच्या निर्मितीशी जोडलेलं आहे. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की त्याचीच पातळी वरच्या दोघांना थोपवते.

म्हणून टेस्टोस्टेरॉन कमी आलं की पहिला प्रश्न असतो, विहीर आटली आहे की मोटरच चालत नाही? वृषणंच थकली असतील तर पिट्यूटरी जोर लावत राहते आणि एलएच-एफएसएच चढलेली दिसतात. याला प्राथमिक हायपोगोनॅडिझम म्हणतात. वरूनच हुकूम येत नसेल तर टेस्टोस्टेरॉन कमी आणि एलएचही कमी, किंवा 'नॉर्मल'च्या चौकटीत. हा दुय्यम प्रकार. इथे एक गोष्ट रुग्णांच्याच काय, कधी कधी डॉक्टरांच्याही नजरेतून सुटते. टेस्टोस्टेरॉन तळाला गेलेलं असताना एलएच 'नॉर्मल' असणं हे नॉर्मल नाही. त्या वेळी ते चढायला हवं होतं.

ही साखळी आज शाळेच्या पुस्तकात शोभेल इतकी सोपी वाटते, पण जीएनआरएचची रचना उलगडायला १९७१ साल उजाडलं. अँड्र्यू शॅली डुकरांच्या आणि रॉजर गिलेमिन मेंढ्यांच्या मेंदूंवर काम करत होते, दोघांत कडवी चुरस होती, आणि १९७७ च्या नोबेलचा अर्धा वाटा दोघांत वाटला गेला. उरलेला अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांच्याकडे गेला, कारण रक्तातलं इतकं सूक्ष्म प्रमाण मोजण्याची रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासोबत घडवली होती. हे सांगायचं कारण असं, की उत्तेजन चाचण्यांचा जोर होता तो नंतरच्या एक-दोन दशकांत. तेव्हा एलएच मोजण्याच्या पद्धती आजच्याइतक्या संवेदनशील नव्हत्या, अगदी कमी पातळी आणि शून्य यांतला फरक नीट कळत नसे. म्हणून ग्रंथीला डिवचून बघावं लागे. आजचं मोजमाप इतकं सुधारलं आहे की तेच उत्तर बऱ्याचदा साध्या नमुन्यातूनच मिळतं.

आधी साधं रक्त, पण वेळेवर आणि उपाशीपोटी

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवसभरात उतरत जातं. तरुणांमध्ये ही घसरण जास्त ठळक असते. म्हणून रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान द्यायचं. घरी नमुना न्यायला येणारा मुलगा साडेअकराला उगवला तर त्याला दुसऱ्या दिवशी बोलवा, संकोच करू नका. पोटही रिकामं हवं, कारण जेवणानंतर, विशेषतः साखर पोटात गेल्यावर, पातळी तात्पुरती खाली येते. रात्रपाळी करणाऱ्यांनी घड्याळाची सकाळ धरू नये. पुरेशी झोप काढून उठल्यावर लवकर रक्त द्यावं, आणि रिपोर्ट दाखवताना पाळीची गोष्ट डॉक्टरांना सांगावी.

एका रिपोर्टावर निदान होत नाही. पातळी रोज बदलते, आणि पहिल्यांदा कमी आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची दुसऱ्यांदा ठीक येते. दोन वेगळ्या दिवशी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, कमी आली तरच पुढे जायचं. डेंग्यू, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया यांनंतर लगेच ही तपासणी करूच नका. आजारपणात शरीर हे उत्पादन आपणहून मंद करतं. पूर्ण बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या.

किती म्हणजे कमी? अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शनात १९ ते ३९ वयाच्या, स्थूल नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी खालची मर्यादा डेसिलिटरला २६४ नॅनोग्रॅम दिली आहे. तिथल्याच मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ३०० ही रेषा धरली आहे. आपल्याकडे काही प्रयोगशाळा मिलिलिटरमागे आकडा छापतात, तेव्हा ३.० म्हणजेच ३०० हे ध्यानात ठेवा. परदेशी रिपोर्टात नॅनोमोल असतात, तो आकडा साधारण २८.८ ने गुणला की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. यातला घोळ करून घाबरलेली माणसं कमी नाहीत.

यानंतर येतं एसएचबीजी. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन या प्रथिनाला घट्ट चिकटून असतं. पोट सुटलेलं असेल, टाइप २ मधुमेह असेल, थायरॉइड मंद असेल तर एसएचबीजी घटतं आणि एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, मात्र मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. वाढत्या वयात, यकृताच्या सिरॉसिसमध्ये किंवा फिट्सच्या काही गोळ्यांमुळे उलट होतं. म्हणून सीमारेषेवरच्या आकड्याला एसएचबीजी आणि अल्ब्युमिन मोजून मोकळ्या टेस्टोस्टेरॉनचा हिशोब करून घ्यावा. पॅकेजातली थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' इम्युनोअ‍ॅसे मात्र फारशी भरवशाची नाही.

केसांसाठी आणि नखांसाठी हल्ली घरोघरी बायोटिनच्या गोळ्या खाल्ल्या जातात, पाच-दहा मिलिग्रॅमच्या. काही प्रयोगशाळांच्या तपासणीच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असेल तर टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन खोटं घटलेलं दिसू शकतं. दोन-तीन दिवस आधी या गोळ्या बंद करा आणि तंत्रज्ञाला तसं सांगा. 'ते काय, व्हिटॅमिनच आहे' म्हणून हे कुणी सांगत नाही.

औषधांची यादी पूर्ण द्या

टेस्टोस्टेरॉन आणि एलएच दोन्ही कमी असतील तर उत्तेजन चाचणीकडे धावण्याआधी दबाव कुठून येतोय ते शोधायचं. पहिलं प्रोलॅक्टिन. ते वाढलं की जीएनआरएचचे झोत मंदावतात. पिट्यूटरीतली गाठ हे एक कारण झालं, पण आपल्याकडे त्याआधी अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल पाहावी. पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोल यांच्या जोडीला त्यात डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन चढवतात. माणूस वर्षानुवर्षं ती कॅप्सूल सकाळी चहाआधी घेत असतो आणि औषध म्हणून मोजतही नाही. मानसिक आजारांवरची काही औषधंही हेच करतात. ती मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत.

सांध्यांच्या दुखण्यावर गावातून आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांची सवय जडली असेल तर तीही हायपोथॅलॅमसला दाबते. आणि जिममधलं इंजेक्शन. बाहेरून पुरुषी संप्रेरक आलं की पिट्यूटरी गप्प बसते, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात किंवा नाहीसे होतात. सोडल्यावर हायपोथॅलॅमसपासून वृषणांपर्यंतची ही साखळी, म्हणजेच अक्ष, पुन्हा जागी व्हायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. या तरुणांचा रिपोर्ट डॉक्टरांना कोड्यात टाकतो आणि मग चाचण्यांवर चाचण्या लिहिल्या जातात. आईबाप शेजारी बसलेले असतील तर त्यांना बाहेर पाठवा, पण डॉक्टरांना खरं सांगा.

स्थूलपणा आणि मधुमेह यांतला कमी आकडा वेगळ्या जातीचा असतो. एलएच बेताचं, टेस्टोस्टेरॉन थोडं खाली, ग्रंथी शाबूत. वजन उतरलं की आकडा चढतो. इथे उत्तेजन चाचणीतून नवं काही कळत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

थॅलॅसेमियासाठी लहानपणापासून रक्त चढवलेल्या मुलांत पिट्यूटरीत लोह साचतं, त्यामुळे फेरिटिन पाहणं आवश्यक. सतत डोकेदुखी, बाजूचं दिसेनासं होणं, वाढलेलं प्रोलॅक्टिन, किंवा टेस्टोस्टेरॉन १५० च्याही खाली असणं, अशा वेळी पिट्यूटरीचा एमआरआय करतात.

एलएच-एफएसएच चढलेली असतील तर वाट सोपी आहे. दोष वृषणांत आहे हे त्या दोन आकड्यांनीच सांगितलं, पुढे कारण शोधायचं. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, केमोथेरपी, पिळवटलेलं वृषण, लहानपणी खाली न उतरलेलं वृषण. आणि एक्सएक्सवाय गुणसूत्रांचा क्लाइनफेल्टर सिंड्रोम, जो साधारण ५०० ते १००० मुलग्यांमागे एकाला असतो आणि मूल होत नाही म्हणून तपासणी होईपर्यंत अनेकांना ठाऊकच नसतो. त्यासाठी कॅरिओटाइप ही गुणसूत्र तपासणी पुरते. अशा रुग्णाला कुणी एचसीजी चाचणी सांगत असेल तर कारण विचारायला हरकत नाही.

एचसीजी चाचणी

एचसीजी हे गर्भवतीच्या शरीरातलं संप्रेरक, वारेतून येणारं. ते एलएचच्याच कुलपात बसतं. म्हणजे पिट्यूटरीला बाजूला ठेवून थेट वृषणांना विचारता येतं, तुमच्यात काम करणाऱ्या लायडिग पेशी आहेत का?

प्रौढांमध्ये सर्वसाधारण रीत अशी. सकाळी आधीचं रक्त, मग ५००० युनिटचं एकच इंजेक्शन स्नायूत, आणि ७२ किंवा ९६ तासांनी दुसरं रक्त. मध्ये २४ तासांनी घेतलेलं रक्त फसवतं, कारण पहिल्या काही तासांत पातळी थोडी चढते, मग उतरते आणि खरी वर येते ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी. निरोगी पुरुषात टेस्टोस्टेरॉन सुमारे दीड ते अडीच पट होतं. लायडिग पेशी थकल्या असतील तर जेमतेम हलतं.

एक खोच आहे. जन्मापासूनच वरून हुकूम न मिळालेल्या माणसात, उदाहरणार्थ कॅलमन सिंड्रोममध्ये, लायडिग पेशी असतात पण कधी कामाला लागलेल्याच नसतात. एका इंजेक्शनने त्या नीट उत्तर देत नाहीत आणि वृषणं निकामी असल्याचा चुकीचा शिक्का बसू शकतो. म्हणून तिथे आठवड्यातून दोनदा १५०० युनिट असं तीन आठवडे देऊन मग मोजतात. कॅलमनचा सुगावा मात्र फुकट लागतो. 'तुम्हाला वास येतो का?' हा प्रश्न. अशा मुलाला लहानपणापासून वास येत नसतो आणि घरच्यांना ते कळलेलंही नसतं. भाजी करपली तरी पोराला पत्ता नाही, एवढंच आईला आठवतं.

या चाचणीची खरी उपयुक्तता लहान मुलांत आहे. दोन्ही वृषणं हाताला लागत नाहीत तेव्हा ती पोटात दडली आहेत की मुळात नाहीतच, हे कळायला हवं. आता एएमएच आणि इन्हिबिन बी या दोन रक्ततपासण्या हे काम इंजेक्शनाशिवाय पुष्कळसं करतात. बाळ एक ते सहा महिन्यांचं असेल तर आणखी सोपं, कारण त्या काळात एलएच आणि टेस्टोस्टेरॉन आपोआप चढलेली असतात आणि साधं रक्त पुरतं. ही खिडकी गेली की एचसीजी लागू शकतं. आणि चाचण्यांच्या नादात शस्त्रक्रिया लांबवू नका, ती साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान व्हायला हवी.

एचसीजी घेतल्यावर काही दिवस पुरुषाचीही गर्भधारणेची घरगुती चाचणी पॉझिटिव्ह येईल. हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण याची दुसरी बाजू गंभीर आहे. इंजेक्शन न घेता पुरुषाच्या रक्तात एचसीजी सापडलं तर वृषणातल्या किंवा अन्यत्र असलेल्या गाठीचा शोध तातडीने घ्यावा लागतो. स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पुरुष खेळाडूंसाठी एचसीजी बंदीच्या यादीत आहे, क्लोमिफिनही आहे. चाचणीपुरतं घेतलं हे कारण नंतर सांगून भागत नाही, वैद्यकीय सूट आधी मागावी लागते.

जीएनआरएच चाचणी

इथे पिट्यूटरीलाच थेट हुकूम देतात. १०० मायक्रोग्रॅम गोनॅडोरेलिन शिरेतून, आणि एलएच-एफएसएच शून्य, ३० आणि ६० मिनिटांना. आपल्याकडे गोनॅडोरेलिन सहज मिळत नसल्याने ट्रिप्टोरेलिन किंवा ल्युप्रोलाइड वापरतात, तेव्हा रक्त घेण्याच्या वेळा बदलतात. त्या तुमच्या रुग्णालयाच्या पद्धतीप्रमाणेच पाळायच्या.

कागदावर ही चाचणी फार देखणी दिसते. उत्तर आलं तर दोष हायपोथॅलॅमसमध्ये, नाही आलं तर पिट्यूटरीत. प्रत्यक्षात तसं घडत नाही. ज्या पिट्यूटरीला वर्षानुवर्षं जीएनआरएच मिळालेलंच नाही, ती पहिल्या इंजेक्शनाला शांतच राहते, जरी ती स्वतः ठणठणीत असली तरी. तिला आधी वारंवार झोत देऊन तयार करावं लागतं. दुसरीकडे, पिट्यूटरीत गाठ असलेल्या काही जणांत प्रतिसाद छान येतो. त्यामुळे प्रौढ पुरुषात ही चाचणी एमआरआयची जागा घेऊ शकत नाही आणि साध्या एलएचपेक्षा क्वचितच जास्त काही सांगते. वृषणांचाच दोष असेल तर एलएच उसळी मारतं, पण तो दोष तर आधीच कळलेला असतो.

किशोरवयीन मुलगा ही वेगळी गोष्ट. चौदा पूर्ण झाली तरी वृषणांचा आकार ४ मिलिलिटरपर्यंतही पोचला नसेल तर यौवनाला उशीर झाला असं धरतात. डॉक्टरांकडे मापाच्या मण्यांची माळ असते, प्रेडर यांनी रूढ केलेली ऑर्किडोमीटर, तिने हे पाहतात. मुलाचं यौवन नुसतं उशिरा येणारं आहे की येणारच नाही, हा खरा प्रश्न. इथे जीएनआरएच किंवा त्याच्या सदृश औषधाची चाचणी, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय, आणि इन्हिबिन बी हे सगळं एकत्र वाचतात. तरीही दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळतात. अशा वेळी बापाला विचारा, तुम्हाला मिसरूड कधी फुटलं, उंची कधी वाढली? कॉलेजात गेल्यावर वाढलो असं उत्तर आलं तर बराच उलगडा होतो. अनेकदा डॉक्टर तीन ते सहा महिने कमी मात्रेत टेस्टोस्टेरॉन देतात, थांबवतात आणि वृषणं आपणहून वाढू लागतात का ते पाहतात. हे पाहणं कुठल्याही एका चाचणीपेक्षा बोलकं ठरतं. पोराला वर्गात 'बारक्या' म्हणून चिडवतात म्हणून आईबापांना घाई असते, ती समजण्यासारखी आहे, पण वाट पाहणं हीसुद्धा इथे तपासणीच असते.

धोक्याची एकच गोष्ट, विरळा पण ओळखून ठेवावी अशी. पिट्यूटरीत मोठी गाठ असेल तर जीएनआरएच दिल्यावर त्या गाठीत रक्तस्राव होऊ शकतो. अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, अंधूक किंवा दुहेरी दिसणं यांपैकी काहीही झालं तर घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. म्हणून आधी एमआरआय, मग चाचणी, हा क्रम मला योग्य वाटतो.

क्लोमिफिनची चाचणी आता इतिहासजमा होत आली आहे. सात दिवस रोज १०० मिलिग्रॅम गोळी, आणि एलएच दुपटीच्या आसपास चढतं का ते पाहणं. यौवन पूर्ण झालेल्यांतच तिला अर्थ. किसपेप्टिन या रेणूवर आधारित चाचण्या अजून संशोधनाच्या पायरीवर आहेत. तुमच्या शहरातल्या दवाखान्यात त्या कुणी देऊ करत असेल तर सावध व्हा.

चाचणीच्या दिवशी

केमिस्टकडे होणारा घोळ सर्वात महागात पडतो. ट्रिप्टोरेलिन आणि ल्युप्रोलाइड ही दोन्ही औषधं महिनाभर टिकणाऱ्या 'डेपो' स्वरूपातही मिळतात. चाचणीला अल्पकाळ चालणारं लागतं. ०.१ मिलिग्रॅमच्या जागी ३.७५ चं डेपो टोचलं गेलं तर चाचणी तर वाया जातेच, उलट महिनाभर सगळा अक्षच दबून राहतो. तसंच एचसीजी आणि एचएमजी ही वेगळी औषधं आहेत, एका अक्षराने गल्लत होते. खोका डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. बहुतेक ब्रँड फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. उन्हाळ्यात दुकानातून दवाखान्यापर्यंत बर्फाच्या पिशवीतून न्या.

वार नीट निवडा. सोमवारी एचसीजी घेतलं तर ७२ तास गुरुवारी सकाळी भरतात. गुरुवारी घेतलं तर रविवारी, आणि रविवारी तुमची प्रयोगशाळा बंद असू शकते. दोन्ही नमुने एकाच प्रयोगशाळेत द्या, वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. नळीवर नावासोबत वेळ लिहिली का ते पाहा. '३० मिनिटं' आणि '६० मिनिटं' अशा नळ्या एकमेकींत मिसळल्या तर कुणालाच काही कळणार नाही. प्रत्येक नमुन्याचं बिल वेगळं लागतं आणि आरोग्य विम्यात ओपीडीतल्या तपासण्या बहुधा बसत नाहीत, तेव्हा एकूण खर्च आधीच विचारा. मुंबईत केईएमसारख्या पालिकेच्या रुग्णालयात अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. रांग मोठी असते, पण या चाचण्या सवयीने करणारे हात तिथे असतात.

आधीच टेस्टोस्टेरॉन चालू असेल तर यातली कुठलीही चाचणी फोल आहे. तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्याचा असर पुरता ओसरायला अनेक महिने द्यावे लागतात. बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या.

पिट्यूटरीचीच शंका असेल तर उत्तेजन चाचण्या खऱ्या अर्थाने लागतात, मात्र टेस्टोस्टेरॉनसाठी नाही, तर कॉर्टिसॉल आणि वाढीच्या संप्रेरकासाठी. कॉर्टिसॉलकरिता एसीटीएच देऊन ३० आणि ६० मिनिटांना रक्त घेतात. इन्सुलिन देऊन साखर ४० च्या खाली नेण्याची चाचणी फक्त रुग्णालयात, डॉक्टर जवळ असताना, हाताशी ग्लुकोज ठेवूनच होते. फिट येणाऱ्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना ती करत नाहीत. त्या दिवशी परत येताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या. कॉर्टिसॉलची कमतरता निघाली तर ती आधी भरून काढतात, थायरॉइडची गोळी त्यानंतर. हा क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.

निकालानंतर, मूल हवं असेल तर

दोष वृषणांचा ठरला तर टेस्टोस्टेरॉन जेल किंवा इंजेक्शनाने देतात. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, वाढतंय का यावर लक्ष ठेवतात आणि चाळिशीनंतर पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणीही पाहतात. दोष वरचा ठरला तर मात्र एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तरी तुम्ही मांडायचा. आम्हाला मूल हवं आहे का, आणि कधी?

कारण बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती थांबवतं. दाढी येते, अंगात जोर येतो, आणि वीर्यतपासणीत शून्य लागतं. मूल हवं असणाऱ्या दुय्यम प्रकारच्या रुग्णाला एचसीजी आठवड्यातून दोन-तीनदा आणि गरजेप्रमाणे जोडीला एफएसएचची इंजेक्शनं देतात. शुक्राणू दिसायला सहा महिने ते दोन वर्षं लागू शकतात. लग्न ठरण्याआधी हे बोलून घेतलं तर नंतर सासर-माहेरच्या प्रश्नांना एकट्या मुलीला तोंड द्यावं लागत नाही. क्लाइनफेल्टर असणाऱ्यांतही काहींच्या वृषणांतून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्राणू मिळू शकतात, म्हणून टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याआधी वंध्यत्वतज्ज्ञांची भेट घ्यावी.

उपचाराआधीचे सकाळचे दोन रिपोर्ट, त्यांतले एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन आणि एसएचबीजी, एमआरआयची फिल्म आणि चाचणीच्या नळ्यांवरच्या वेळांसकटचा कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा, मोबाइलमध्ये फोटोही काढा. उपचार सुरू झाल्यावर ते आकडे पुन्हा मिळवायचे तर औषध थांबवून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते, आणि पुढचा डॉक्टर पहिल्याच भेटीत तेच मागेल.